डोंगर वाजला की भात टाकायचा

शिमग्याच्या दिवसांत कोकणातल्या डोंगरवाटेने चाललं की कपड्यांना कुसळं चिकटतात. चालताना कळत नाही. मुंबईला येऊन पॅन्ट धुवायला काढली की सापडतात. शिवणीत, खिशात, नाडीच्या आतसुद्धा! आमच्या खेळ्यांचे किस्से असेच आहेत. घडतात तेव्हा आपण आपले चालत असतो. मग मे महिन्यात मी मुलुंडच्या कारखान्यात प्रेस मशीनपुढे उभा असताना एखादा टोचतो आणि मी एकटाच हसतो. सुपरवायझर बघतो. मी गप्प होतो.

मी बोलण्यात कच्चा आहे. चारचौघांत किस्सा सांगायला घेतला की घाबरून शेवट आधीच सांगून टाकतो. मग सगळे म्हणतात, "बरं, मग?" म्हणून लिहितोय. शाळा नववीत सुटली, पण लिहिताना शेवट शेवटी ठेवता येतो, एवढं कळतं.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, आतल्या बाजूला. शिमग्यात देवीचे खेळे, म्हणजे गाणारे-नाचणारे गडी, आजूबाजूच्या गावांतून पायी फिरतात. त्याला भोवनी म्हणतात. दारात जायचं, मृदंग वाजवायचा, गाणं म्हणायचं, गोमू नाचवायची, घरच्यांसाठी देवीला गाऱ्हाणं घालायचं आणि पुढच्या गावाची वाट धरायची. सगळं अनवाणी.

पूर्वी बरीच मंडळी असायची. आता आम्ही चौघं, आणि चौघंही मुंबईचे. मृदंगावर भाऊकाका. मुलुंडला आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतात, रिटायर झालेत. गाणारा सुऱ्या, वाकोल्यात रिक्षा चालवतो. गोमू म्हणजे साडी नेसून नाचणारा पुरुष. तो आमचा पप्या. दिंडोशीला कोर्टाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात कामाला आहे. आणि मी, दिनेश. झांज वाजवतो. झांजेवाल्याला कोणाशी बोलावं लागत नाही.

काळजीची गोष्ट एकच होती. भाऊकाकांचे गुडघे. दर वर्षी थोडे थोडे जात होते आणि मृदंग दुसऱ्या कोणाला येत नव्हता. मृदंग थांबला की भोवनी थांबली. हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कोणी बोलत नव्हतं.

* * *

पप्याच्या रजेचा किस्सा आधी सांगतो.

पप्या दर शिमग्याला शेठकडे रजा मागायचा आणि कारण सांगायचा, "आजी सिरीयस आहे." शेठ रजा द्यायचा. असं बरीच वर्षं चाललं. एका वर्षी भाऊकाकांना हे कळलं. ते म्हणाले, "देवीच्या कामाला जाताना खोटं बोलतोस? म्हातारी तिकडे धडधाकट लाकडं फोडतेय!"

पप्याला लागलं. त्या वर्षी तो शेठपुढे उभा राहिला आणि सरळ म्हणाला, "शेठ, खरं सांगतो. मला गावाला जाऊन साडी नेसून दारोदार नाचायचंय."

शेठने चष्मा काढला. पप्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. बाहेर दोन वकील झेरॉक्ससाठी थांबले होते, तेही बघायला लागले.

शेठ हळू आवाजात म्हणाला, "पप्पू, आजीची तब्येत कशी आहे रे?"

* * *

शिमगा जवळ आला की भाऊकाका आम्हाला अनवाणी चालायची प्रॅक्टिस करायला लावायचे. मुंबईचे तळवे म्हणजे लोण्याचे, तापल्या कातळावर टिकत नाहीत. म्हणून रविवारी सकाळी मुलुंडच्या फुटपाथवरून आमची अनवाणी वरात. पुढे भाऊकाका, चप्पल पिशवीत. शेवटी मी, खाली मान घालून. ओळखीचं कोणी दिसू नये एवढीच इच्छा!

एकदा एका सोसायटीच्या गेटवर एक काकू पूजेचं ताट घेऊन उभ्या होत्या. आमचे पाय बघून त्यांना गहिवरून आलं. "केवढी श्रद्धा! नवस आहे का रे मुलांनो?" असं म्हणून त्यांनी ताटातली केळी आमच्या हातात दिली. माझ्या तर पायासुद्धा पडायला निघाल्या होत्या. मी दोन पावलं मागे सरकलो, थेट गटाराच्या झाकणावर. झाकण तापलेलं.

सुऱ्या खरं सांगणार होता, पण पप्याने केळं सोलून तोंडात घातलंसुद्धा.

"काकू," तो भरल्या तोंडाने म्हणाला, "पुढच्या रविवारी पण इथूनच जाणार आहोत."

* * *

आमच्यात एक नियम आहे. गावच्या सहाणेवरून, म्हणजे देवीची पालखी बसते त्या चौथऱ्यावरून, मृदंग एकदा उचलला की भोवनी पुरी करून परत तिथे येईपर्यंत तो जमिनीला टेकवायचा नाही. जेवताना कोणाच्या तरी मांडीवर. झोपताना आढ्याला टांगून. वाटेत कोणाला आडोशाला जायचं असेल तर दुसऱ्याने धरायचा.

एकदा दुपारी एका विहिरीवर थांबलो. भाऊकाका आणि सुऱ्या पाय धुवायला उतरले. मी पाणी शेंदत होतो. मृदंग होता पप्याकडे. पप्या गोमूच्या वेशात, डोक्यावर पदर, हातभर बांगड्या. त्याने मृदंग कमरेवर घेतलेला, वरून ऊन लागू नये म्हणून टॉवेल गुंडाळलेला.

तिकडून एक म्हातारबाबा काठी टेकत आले. नजर अधू होती. पप्यापाशी थांबले, डोळे बारीक केले.

"बाय, पोर चांगला दांडगा हाय तुझा. एवढा कडेवर कशाला घेतेस? खाली सोड की, चालंल."

पप्या आवाज बारीक करून म्हणाला, "नाय आजोबा. खाली ठेवला तर देवी रागावते."

म्हातारबाबांनी मान हलवली. पुढे झाले आणि टॉवेलवरून मृदंगाच्या पाठीवर हात फिरवला. मग पप्याला म्हणाले, "कमी रडतो, ह्ये बरा हाय."

भाऊकाका त्या दिवशी इतके हसले की त्यांना विहिरीच्या पायऱ्या चढवून वर आणावं लागलं. निदान आम्ही असंच समजलो, की हसण्यामुळे.

* * *

मृदंगाच्या डाव्या तोंडाला कणकेचा गोळा थापावा लागतो. त्याशिवाय खर्ज निघत नाही, नुसता डबा वाजल्यासारखा आवाज येतो. कणीक सांभाळायचं काम सुऱ्याचं. एका वर्षी हा पिठाची पिशवी आदल्या गावात विसरला. पुढचं घर समोर दिसतंय, माणसं अंगणात उभी आहेत, आणि पीठ नाही!

"मागू या त्यांच्याकडे," मी म्हणालो. हळूच.

"आपण दारात यायचं आणि आधी पीठ मागायचं? भिकारी आहोत काय?" भाऊकाका चिडले.

सुऱ्याने पिशवी उलटी केली. आत ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा होता. त्याने पाण्यात बिस्किटं कालवली, मळली आणि थापली. टक करून वाजवून बघितलं. "झकास! काका, जरा गोड लागेल, बाकी काही फरक नाही."

गाणं सुरू झालं. पहिलं कडवं बरं गेलं. दुसऱ्यात भाऊकाकांचा डावा हात जरा जास्तच चालायला लागला. तिसऱ्यात तर थापेवर थाप, थापेवर थाप! घरमालक खूश. "वा, वा! काय हात हाय, काका!" असं म्हणून तो लोकांना बोलवायला लागला. शेजारची वाडी जमली. सुऱ्याला ती लय पकडता पकडता धाप लागली. पप्याचा पदर कुठच्या कुठे. माझी झांज म्हणजे नुसती खणखण.

गाणं संपल्यावर भाऊकाका मृदंग माझ्या हातात देऊन मागच्या दाराने गेले. मी मृदंगाकडे बघितलं. डावं तोंड काळं झालं होतं आणि हलत होतं. मुंग्या!

भाऊकाका हात पाण्यात बुडवून बसले होते. सुऱ्या जवळ जाऊन उभा राहिला.

भाऊकाका म्हणाले, "सुरेश, पुढच्या घराला साधं पीठ बघ. दोनदा एवढं चांगलं वाजवायला नाही जमणार मला."

* * *

आता जनाक्काचं सांगायला हवं.

भोवनीतलं शेवटचं गाव कोंडवाडी. मध्ये मोठा डोंगर आहे. डोंगराच्या खिंडीत पोचलं की थांबायचं आणि तिथूनच मृदंग वाजवायचा. तो खाली वाडीत ऐकू जातो. वाडीतलं पहिलं घर जनाक्काचं. तिचा नवरा पूर्वी आमच्यातच गायचा. मृदंग ऐकला की ती म्हणणार, "डोंगर वाजला." आणि मागच्या पडवीतली चूल पेटवून भात टाकणार. घरात गॅस आहे, पण खेळ्यांचा भात चुलीवरच. खिंडीतून आम्हाला तिच्या कौलांतून धूर वर येताना दिसतो. धूर दिसला की समजायचं, खाली ऐकू गेलं. मग उतरायचं.

आम्ही दारात पोचतो तेव्हा भात नेमका होत आलेला असतो. भाऊकाका म्हणायचे, "माझे गुडघे आणि जनाक्काचा भात, दोन्ही एकदमच मऊ होतात."

एकदा जेवताना जनाक्का त्यांना म्हणाली, "भाऊ, खालनं लय ग्वाड ऐकाय येतो हो तुमचा मृदंग. डोंगरच बोलतो असा वाटतो."

भाऊकाका भात कालवत म्हणाले, "मला काय माहीत? मी कायम वरच असतो."

सगळे हसले. भाऊकाका हसले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी परत विचारलं, "डोंगरच बोलतो म्हणजे कसा गो?"

जनाक्का म्हणाली, "आता ता कसा सांगू?"

* * *

मागच्या वर्षी सुऱ्याने टेम्पो आणला.

कोणाला न विचारता, गावच्याच एका मित्राचा. वाईट हेतू नव्हता. त्याआधीच्या वर्षी खिंड उतरताना भाऊकाका तीनदा बसले होते आणि तिन्ही वेळा म्हणाले होते, "पाणी पितो जरा." बाटली रिकामी होती. सुऱ्याने ते बघितलं होतं.

"काका, मागे गादी टाकलीय. राजासारखे बसा. डोंगराला वळसा घालून रस्त्याने जाऊ. मृदंग मांडीवर, जमिनीला टेकणार नाही. नियम मोडला काय? नाही ना?"

नियम मोडत नव्हता. भाऊकाका बसले.

कोंडवाडीत टेम्पो जनाक्काच्या अंगणात थांबला. दाराला कडी. चूल थंड. वाडीत शुकशुकाट. कोणी काजूच्या बागेत, कोणी नदीवर. एक कुत्रं आलं, आमच्याकडे बघून भुंकलं. इतक्या वर्षांत ते कधी आमच्यावर भुंकलं नव्हतं!

पप्या म्हणाला, "वाट लागली. पाहुणे आधी आणि आमंत्रण मागाहून."

बऱ्याच वेळाने जनाक्का डोक्यावर पातेऱ्याचा, सुक्या पानांचा भारा घेऊन आली. आम्हाला बघून तिथेच थबकली. भारा खाली टाकला. आधी तिने डोंगराकडे बघितलं, मग आमच्याकडे.

"तुम्ही आलाव?" ती म्हणाली. "मग डोंगर का न्हाय वाजला?"

ती घाईघाईने चूल पेटवायला गेली. लाकडं ओली निघाली, धूर झाला. "मना कळला असता तर... दारात पाणीपण न्हाय ठेवलेला..." असं पुटपुटत होती. चूक आमची आणि लाजत होती ती!

जेवण झालं. परत टेम्पोत बसताना भाऊकाका सुऱ्याला म्हणाले, "तुझी चूक नाही रे. तू माझ्यासाठीच केलंस." मग गाव येईपर्यंत गादीवर बसून गुडघे चोळत राहिले. सहाणेवर मृदंग ठेवताना म्हणाले, "चालत येणार असू तर यायचं. नाहीतर देवीला सांगून बंद करायचं."

* * *

त्यानंतर पावसाळ्यात त्यांनी मला वर बोलावलं. त्यांच्या घरी मृदंग टीव्हीच्या वर खुंटीला असतो. तो काढून माझ्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "वाजव."

मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं, पण कारखान्यात प्रेस मशीनच्या ठेक्यावर मी मांडीवर बोटं चालवतो. मला वाटायचं कोणी बघत नाही. खरं तर मी त्यांच्या शेजारी बसूनसुद्धा तेच करायचो.

तेव्हापासून रोज संध्याकाळी शिकवायचे. हात बसला. पण आवाज मोठा होईना. बिल्डिंगमधल्या लोकांना त्रास होईल असं मला वाटायचं. एकदा खालच्या मजल्यावरच्या वहिनी जिन्यात भेटल्या. मी आधीच म्हणालो, "सॉरी, वहिनी." त्या म्हणाल्या, "कशाबद्दल?"

हे भाऊकाकांना सांगितलं, तर त्यांनी कपाळाला हात लावला. "दिनेश, एक मजला खाली ऐकू जात नाही आणि तुला डोंगर वाजवायचाय!"

काकू आतून ओरडल्या, "अहो, त्याला घाबरवू नका!"

"त्याला मी नाही घाबरवत गं. तो घरूनच घाबरून येतो."

* * *

या वर्षी शिमग्याआधी डॉक्टरांनी भाऊकाकांना स्पष्ट सांगितलं, डोंगर नाही. ते गावाला आले. भोवनीच्या सकाळी सहाणेवर मृदंग उचलला, कपाळाला लावला आणि त्याचा पट्टा माझ्या गळ्यात घातला. मला वाटलं काहीतरी बोलतील. म्हणाले, "टेकवू नकोस." आणि वडापच्या, म्हणजे सीटवर चालणाऱ्या रिक्षात बसून रस्त्याने कोंडवाडीला निघून गेले.

आम्ही तिघं चाललो. झांज सुऱ्याने घेतली. वाटेतली गावं झाली. कशी झाली मला आठवत नाही, मी मृदंगाकडेच बघत होतो. उन्हं कलताना खिंडीत पोचलो.

खाली जनाक्काची कौलं दिसत होती. मी वाजवायला लागलो. वारा अंगावर येत होता. आवाज माझ्या छातीशी येऊन तिथेच बसत होता.

धूर नाही.

सुऱ्या म्हणाला, "दिन्या, जनाक्का बहिरी नाही. पण इतक्या जवळ पण नाही राहत!"

परत वाजवला. धूर नाही. पप्या कमरेवर हात ठेवून खाली बघत होता. त्याचा पदर वाऱ्याने फडफडत होता. "काका तिकडे बसलेत ना?" तो म्हणाला. "त्यांना तर कळेल ना रे, आपण इथे आहोत?"

मला एकदम सगळं दिसलं. थंड चूल. दारात बसलेले भाऊकाका, डोंगराकडे तोंड करून. बंद करायचं, म्हणाले होते.

मग मी वाजवला. डोळे मिटले, आणि खाली मुलुंडची बिल्डिंग आहे, सगळे मजले आहेत, सगळ्यांना त्रास होऊ दे, असा वाजवला! किती वेळ ते माहीत नाही. सुऱ्या माझा खांदा हलवत होता. "बस कर, बस कर! धूर बघ!"

कौलांतून धूर सरळ वर येत होता.

मी उतरत नव्हतो, पळत होतो. मृदंग पोटाशी धरून. सुऱ्या मागून ओरडत होता, "अरे हळू, टेकेल!" नाही टेकला.

जनाक्का दारात पाणी घेऊन उभी होती. तिने आमच्या पायांवर पाणी घातलं आणि हसत सांगायला लागली, "मी गोठ्यात व्हते. ह्ये भाऊ अंगणात बसलेले. उठले, भिंत धरून धरून पडवीत गेले. चूल ह्यांनीच पेटवलानी, भात ह्यांनीच टाकलानी. आणि मना हाक मारतात, 'जनाक्का, ये गो, खेळे आले!' जसे काय ह्ये कोण वेगळेच!"

भाऊकाका पडवीत चुलीपाशी पाटावर बसले होते. डोळे लाल. धुरामुळे असतील. मी समोर जाऊन उभा राहिलो. कसा वाजला, ते विचारायचं होतं. मृदंग त्यांच्यापुढे धरला. त्यांनी घेतला नाही.

"लवकर उतरलास," ते म्हणाले. "भात कच्चा आहे अजून."

मी टोपाकडे बघितलं. पेज काढून बाजूला वाडग्यात ठेवलेली होती. चुलीतली लाकडं मागे ओढलेली. पडवीभर शिजलेल्या भाताचा वास.

"परत वर जा," भाऊकाका म्हणाले. "खिंडीतून वाजव. मग सावकाश उतर."

"अहो काका, भात तर..." सुऱ्या म्हणाला.

जनाक्का पुढे झाली. तिने टोपावरचं झाकण उचललं. वाफ वर आली. तिने भाताकडे बघितलं, भाऊकाकांकडे बघितलं आणि झाकण परत ठेवलं.

"तू गप रे," ती सुऱ्याला म्हणाली. "वाईच कच्चा हाय."

मी मृदंगाचा पट्टा सारखा केला आणि डोंगराकडे निघालो.